आकडे सुरक्षित, मग खरखर कोठून?

शाळेच्या संगणककक्षात एखादा जुना संगणक असेल, तर एक सोपा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. संगणकाला हेडफोन जोडावा, आवाजाची पातळी थोडी वाढवावी आणि काहीही न वाजवता शांतपणे ऐकत राहावे. पुष्कळदा एक मंद खरखर ऐकू येते. माऊस हलवला की तीत बारीक किरकिर मिसळते. डिस्कचे काम सुरू झाले की तिचा सूर बदलतो. गाणे तर चालू नाही, मग हे काय? आपण ऐकत असतो ते संगणकाचे स्वतःचे काम.

काही वर्षांपूर्वी एका मापनासाठी आम्हाला साउंड कार्ड घ्यायचे होते. खोक्यावरचे आकडे वाचून आम्ही १६ बिटऐवजी २४ बिटचे कार्ड निवडले. जोडून पाहिले, तर खरखर होती तेवढीच राहिली. दोष कार्डाचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. तो कोठे होता हे समजून घ्यायचे, तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

खरखरीवरचा उपाय

गंमत अशी की ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना मुळात खरखर टाळण्यासाठीच निघाली. १९३७ साली ॲलेक रीव्ह्ज हे इंग्रज अभियंते पॅरिसमध्ये आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत आवाज वाटेत क्षीण होतो, म्हणून ठिकठिकाणी तो वाढवावा लागे. पण वर्धक बोलण्याबरोबर खरखरही वाढवतो. टप्प्याटप्प्याने ती साचत जाते आणि शेवटी बोलणे तीत बुडून जाते. रीव्ह्ज यांनी सुचवले, की लहरच पाठवू नये. ठराविक काळाने तिची उंची मोजावी आणि तो आकडा स्पंदांच्या रूपाने पाठवावा. पलीकडे फक्त ‘स्पंद आहे की नाही’ एवढेच ओळखायचे असते. थोडी खरखर मिसळली तरी आकडा बदलत नाही. हस्तलिखितावर चहाचे डाग पडले तरी अक्षरे वाचता आली म्हणजे नवी प्रत स्वच्छ निघते, तसेच हे.

लहर किती वेळा मोजावी, याचे उत्तर हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या निबंधातून आणि पुढे क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या मांडणीतून मिळाले. लहरीतील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते; म्हणून सेकंदाला ४०,००० हून अधिक नमुने हवेत. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० हा आकडा ठरला. त्यामागे व्यवहार होता. आकडे साठवायला त्या वेळी व्हिडिओ टेपच सोयीची होती आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. ३ × २४५ × ६० असा गुणाकार केला की ४४,१०० येतात. युरोपातल्या पद्धतीप्रमाणे ३ × २९४ × ५० केले तरी तेच!

संगणक बोलू लागला

१९८१ सालच्या आयबीएम पीसीचा स्पीकर चालू किंवा बंद एवढेच जाणत होता. त्यातून पिपाणीसारखा आवाज निघे. १९८७ साली कॅनडातील ॲडलिब कंपनीचे कार्ड आले. त्यावर यामाहाची चिप होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता हलवून वाद्यांसारखे नाद निर्माण करायचे, हे तिचे तत्त्व. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधले होते. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ काढले. आता ध्वनिमुद्रित आवाजही वाजवता येऊ लागला, पण ८ बिटमध्ये, म्हणजे लहरीच्या उंचीला फक्त २५६ पायऱ्या. १९९२ सालच्या ‘साउंड ब्लास्टर १६’मध्ये पायऱ्या ६५,५३६ झाल्या. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान आवाज यांतील अंतर सुमारे ६ डेसिबेलने वाढते. कागदावर तरी संगणक आता कॉम्पॅक्ट डिस्कच्या बरोबरीला आला होता.

शेवटची दोन बोटे

मग खरखर कोठून येते? आकडे डिस्कवरून चिपपर्यंत अगदी सुरक्षित पोचतात. पण कानाला आकडे ऐकू येत नाहीत. कोठेतरी त्यांचा पुन्हा विद्युतदाब करावाच लागतो, आणि त्या बिंदूपासून हेडफोनपर्यंतच्या वाटेवर रीव्ह्ज यांचे संरक्षण संपते.

थोडे गणित करू. समजा, बाहेर पडणारा दाब उणे १ ते अधिक १ व्होल्ट बदलतो. १६ बिटच्या एका पायरीची उंची २ भागिले ६५,५३६, म्हणजे सुमारे ३० मायक्रोव्होल्ट. त्याच खोक्यात, दोन बोटांच्या अंतरावर, त्या काळच्या चिपांमध्ये ५ व्होल्टचा दाब सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असे. पायरीच्या तुलनेत हा दाब दीड लाखपटींहून मोठा! त्याचा लाखावा अंश जरी झिरपला, तरी सर्वांत लहान पायरी त्याखाली झाकली जाते. माऊस हलवल्यावर ऐकू येणारी किरकिर ही अशी झिरपलेली असते.

अभियंत्यांना हे ठाऊक होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने ‘एसी ९७’ हा आराखडा मांडला. त्यात आकड्यांचे काम करणारा भाग आणि दाब तयार करणारा भाग यांना वेगवेगळ्या चिप दिल्या, म्हणजे दुसरी चिप गजबजाटापासून दूर बसवता येते. २००४ साली त्याची जागा ‘एचडी ऑडिओ’ने घेतली. दरम्यान १९९६ मध्ये यूएसबी जोडणी आली आणि रूपांतराचे काम खोक्याबाहेरच नेणे सोपे झाले. तारेतून आकडे जातात, दाब बाहेरच्या छोट्या डबीत तयार होतो. अर्थात वीज आणि भूजोडणी त्याच तारेतून येत असल्याने थोडी खरखर तिथेही पोचू शकते. डबी चांगली आखलेली असावी लागते.

चोवीस बिटांची भिंत

आमच्या २४ बिटच्या कार्डाचे काय झाले, ते आता सांगता येईल. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. वरच्याच हिशेबाने एक पायरी ०.१२ मायक्रोव्होल्टची. पण कोणत्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चुळबुळत असतात. १,००० ओहमच्या साध्या रोधाच्या टोकांशी, सामान्य तापमानाला, श्राव्य वारंवारतांच्या पट्ट्यात या चुळबुळीमुळे सुमारे ०.६ मायक्रोव्होल्टचा दाब आपोआप निर्माण होतो, म्हणजे पायरीच्या पाचपट. ही खरखर जॉन जॉन्सन यांनी मोजली आणि तिचे सूत्र मांडले, तेही १९२८ सालीच, नायक्विस्ट यांनी! आकडे किती पुरेत याचा पाया घालणाऱ्या माणसाने त्याच वर्षी आकड्यांपलीकडची मर्यादाही दाखवून दिली होती. आम्ही पहिला निबंध वाचून खरेदी केली, दुसरा विसरलो. ध्वनिमुद्रण करताना जास्तीचे बिट उपयोगी पडतात. नुसते ऐकताना त्यांच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घटाचा धडा, हेडफोनसाठी

आणखी एक गोष्ट खोक्यावर क्वचितच छापलेली असते. विद्युतघटाला अंतर्गत रोध असतो, हे आपण वर्गात शिकवतो. हेडफोनला वीज पुरवणाऱ्या मंडलालाही तो असतो. समजा, एका हेडफोनचा रोध बहुतेक वारंवारतांना ३२ ओहम आहे, पण खालच्या एका वारंवारतेला तो १०० ओहम होतो. पुरवठ्याचा अंतर्गत रोध १२० ओहम असेल, तर १ व्होल्टपैकी हेडफोनच्या वाट्याला एरवी ०.२१ आणि त्या एका वारंवारतेला ०.४५ व्होल्ट येतो. म्हणजे तेवढाच खर्ज दुपटीहून अधिक दाबाने वाजतो आणि आवाज घुमतो. अंतर्गत रोध २ ओहम असेल, तर हेच आकडे ०.९४ आणि ०.९८ होतात, फरक जाणवतही नाही. म्हणून अंतर्गत रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा ढोबळ नियम पाळतात. उलट, ३०० ओहमच्या हेडफोनला तेवढीच शक्ती द्यायची, तर ३२ ओहमच्या हेडफोनच्या तिप्पट दाब लागतो. तो देण्याची ताकद पुरवठ्यात हवी.

भाषा-प्रयोगशाळेसाठी किंवा घरासाठी खरेदी करताना, तेव्हा, बिट मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दाब कोठे तयार होतो, खोक्याच्या आत की बाहेर? पुरवठ्याचा अंतर्गत रोध किती? आपला हेडफोन किती ओहमचा? मग शक्य असेल तर तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे आणि शेवटचा झंकार विरताना ऐकावे. तो शांततेत विरतो की खरखरीत, हे विद्यार्थीही सांगू शकतील. आणि का, तेही.