हरिश्चंद्राचा कारखाना

इ. स. १९१२ मध्ये मुंबईत दादर येथील एका बंगल्यात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम आरंभिले, तेव्हा तेथे येणाऱ्या नटांना त्यांनी एक सूचना देऊन ठेवली होती, असे सांगतात. नोकरी कोठे, असे कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे उत्तर द्यावे. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या कथेवर काम करणाऱ्यांना स्वतःच्या कामाविषयी मात्र अर्धसत्य सांगावे लागावे, यातील विसंगती उघड आहे. पण ते उत्तर केवळ गमतीचे नव्हते. कारखान्यातील नोकरी घरच्या वडीलधाऱ्यांना समजत होती. महिनाअखेरीस पगार मिळतो, एवढे त्या शब्दात निःसंशय होते. नाटकात शिरलेल्या मुलाकडे मात्र प्रतिष्ठित घरे संशयानेच पाहत, आणि चित्रपटाला तर अद्याप नाटकाएवढीही ओळख नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हापासून ही वस्तू पैसे देऊन पाहण्याची होती. ती येथे कोणी तयार करील आणि त्यावर संसार चालवील, ही कल्पनाच लोकांच्या मनात नव्हती.

फाळके यांच्या आप्तेष्टांची अडचणही हीच होती. संस्कृत पंडिताच्या घरी त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा माणूस जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकला. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, शिळाछाप, रंगीत छपाई असे अनेक व्यवसाय त्याने केले. भागीदारांशी न पटल्यामुळे चांगला चाललेला छापखाना सोडून तो चाळिशीत रिकामा झाला. अशा वेळी त्याने तंबूतील खेळ पाहत हिंडावे, घरातील चीजवस्तू विकाव्यात, विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची वाट धरावी, हे स्नेहीसोबत्यांना वेडाचे लक्षण वाटले असल्यास नवल नाही.

या शंकांना शब्दांनी उत्तर देणे कठीण होते. फाळक्यांनी ते चित्रानेच दिले. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर पाहताना दाण्यातून अंकुर फुटतो, वेल वाढत जातो, हे सर्व काही क्षणांत घडे. ज्यांच्याकडून भांडवल मिळवायचे त्यांना हा छोटा चित्रपट दाखवला गेला आणि कर्जाची वाट मोकळी झाली. स्वप्न ऐकून जे हलले नाहीत, त्यांना वाटाण्याच्या वेलाने पटवले.

घरात मात्र वेगळेच घडले. सरस्वतीबाई फाळके यांना हा धंदा कोणी समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्या हातांनीच तो समजून घेतला. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, आणि पुन्हा कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामे त्यांनी केली. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बाहेर कारखाना म्हणवणारी ती संस्था आतून एक कुटुंबच होती.

कुटुंबाबाहेरच्या स्त्रियांच्या बाबतीत हा उपाय चालला नाही. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कलावंतिणीही या कामाला तयार होईनात. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांपुढेही पेच होता, असे सांगतात. वडील हयात असता मिशी उतरवणे अशुभ मानले जाई. तेव्हा मुलांना समजावले, तरी त्यांच्या वडिलांना कसे समजवावे, हा प्रश्न उरेच.

बाह्यचित्रणासाठी कंपनी वांगणीस गेली तेव्हाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ढाली-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना ही दरोडेखोरांची टोळी वाटली आणि मंडळी पोलिसांच्या ताब्यात गेली. फाळके आल्यावर त्यांनी फौजदाराला पेट्या उघडून दाखवल्या आणि कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रवेश चित्रित करण्याचा देखावा केला, तेव्हा कोठे सुटका झाली. येथेही सांगण्यापेक्षा दाखवणेच कामी आले.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. त्या रंगभूमीवरून आल्या होत्या. समाजाच्या नापसंतीची किंमत त्यांनी आधीच मोजली होती. चित्रपटाने त्यांना नवा कलंक लावला नाही, हीच काय ती सोय.

यशानंतरही खुलासा करण्याची गरज संपली नाही. १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपट केला, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लेख लिहून आपली धडपड वाचकांपुढे ठेवली. आपल्या देवदेवतांची चित्रे आपल्याच माणसांनी पडद्यावर आणावीत, ही स्वदेशीची भूमिका घरादाराला कळण्याजोगी होती. व्यवसाय न पटणाऱ्यालाही हेतू पटू शकत होता.

१९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राचीच कथा पुन्हा पडद्यावर आली. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे, प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्री. वीस वर्षांपूर्वी जी भूमिका स्वयंपाक्याला द्यावी लागली, ती आता अशा घरातील स्त्रीने केली. टीका त्यांनाही चुकली नाही. पण त्यांना कारखान्याचे नाव सांगावे लागले नाही.

१९९८ साली भारत सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला. बँका व वित्तसंस्थांच्या दाराशी उभे राहण्यासाठी तो शब्द उपयोगी होता. दादरच्या बंगल्यातील नटांनी घरच्यांच्या समाधानासाठी जे नाव घेतले होते, जवळजवळ तेच शासनाने छ्याऐंशी वर्षांनी अधिकृत केले. फरक एवढाच, की १९१२ मध्ये त्या नावाआड कला लपवावी लागली होती.