आयनी द्रव, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड

आयनी द्रव म्हणजे १०० अंश सेल्सियसच्या आत वितळणारी लवणे. खायचे मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेले एथिल अमोनियम नायट्रेट मात्र १२ अंशांनाच पातळ होते. त्यातले आयन स्फटिकात सहज रचून बसत नाहीत. शिवाय या द्रवांची वाफ जवळजवळ होतच नाही.

कार्बन डायऑक्साइड त्यांच्यात भरपूर विरघळतो, पण ते स्वतः त्या वायूत उतरत नाहीत. हा एकतर्फी व्यवहार १९९९ मध्ये जोन ब्रेनेकी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. दाब सोडला की वायू निघून जातो, द्रव मागे राहतो.

पाण्याशी कसे जमणार, हे बहुतांशी ऋण आयन ठरवतो. ब्यूटिल-मिथिल-इमिडाझोलियमचे टेट्राफ्लुओरोबोरेट पाण्यात मिसळते, हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचा थर वेगळा राहतो. हवेतली ओल मात्र दोन्ही ओढतात. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट ओलसर तापवले तर त्यातून काच खाणारे हायड्रोजन फ्लुओराइड सुटू शकते. आयनी द्रवांना ‘हरित द्रावक’ हे बिरूद सरसकट लावण्यात घाईच झाली.

धाराशिव जिल्ह्यात ढोकी, केशेगाव, रांजणी येथे साखर कारखाने आहेत, आणि त्यांच्या बगॅसमध्ये, म्हणजे सेल्युलोज असलेल्या उसाच्या चोथ्यात, निम्मे पाणीच असते. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने क्लोराइडयुक्त आयनी द्रवात सेल्युलोज विरघळवले, पण सुमारे एक टक्क्याहून जास्त पाणी त्यात खपत नाही. जास्त पाणी ओतले की सेल्युलोज परत बाहेर पडते, आणि द्रव पुन्हा वापरायचा तर ते सारे पाणी उडवावे लागते.

साखर कारखान्यातली मळी आंबवताना १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू मुळात बराच शुद्ध. धुऊन सुकवला की भागते, त्यासाठी आयनी द्रव म्हणजे उधळपट्टी. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत भालचंद्र भानगे यांच्या गटाने अशा द्रवांचा उपयोग वेगळ्या कामी केला : त्यांना उत्प्रेरक करून कार्बन डायऑक्साइडपासून चक्रीय कार्बोनेटे बनवली.

अवघड काम कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे. तिथल्या धुरात नायट्रोजन आणि वाफच जास्त, आणि एवढ्या कमी आंशिक दाबाला साधा आयनी द्रव फारसा वायू घेत नाही. जेम्स डेव्हिस यांच्या गटाने २००२ मध्ये द्रवालाच अमाइन जोडले. वायू पकडला गेला, पण असे द्रव वायू घेताना काकवीसारखे दाटतात. पाणी घातले तर ते सैल होतात, मग वायू सोडवताना ते पाणीही दर फेरीत तापवत बसावे लागते. त्यामुळे या कामात अमाइनचे पाण्यातले जुने, स्वस्त द्रावणच अजून पुढे आहे.