हौसेची जुनी गाडी घेताना : निमित्त मॉरिस मायनरचे



इंग्लंडात उन्हाळ्याचे चार बरे दिवस आले की गावोगावच्या मैदानांवर जुन्या गाड्यांचे मेळे भरतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पाय तिथे रेंगाळतात आणि त्याला कारणही आहे. आपली ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. तिच्या आधीची लँडमास्टर म्हणजे दुसरी मालिका. खुद्द मॉरिस मायनरही हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली होती. म्हणजे ही सगळी आपल्या नात्यातलीच!

शनिवार-रविवारपुरती अशी एखादी गाडी घ्यावी का, असे गेल्या काही वर्षांत बऱ्याच मित्रांनी विचारले. माझे उत्तर ठरलेले आहे : घ्या, पण पहिली गाडी साधी घ्या आणि चार जण बसतील अशी घ्या. दोन सीटांची एमजी बी दिसायला देखणी असते, पण दोन मुले असलेल्या घरात ती वर्षभर गॅरेजमध्येच राहते. पैसे आपले आणि मजा एकट्याची, हे घरात फार दिवस चालत नाही. म्हणून इथे मॉरिस मायनरबद्दल लिहितो. तपासायच्या बऱ्याच गोष्टी इतर जुन्या गाड्यांनाही लागू पडतील.

ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. आराखडा ॲलेक इस्सिगोनिस यांचा, म्हणजे पुढे ज्यांनी मिनी बनवली तेच. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. १९७१ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा आकडा सोळा लाखांच्या आसपास होता. इतक्या गाड्या निघाल्यामुळेच आजही हिचे बहुतेक सुटे भाग नवे मिळतात, आणि नवशिक्यासाठी हा मुद्दा रंगरूपापेक्षा महत्त्वाचा. इंजिन १९५२ नंतर ए-सिरीजचे : आधी ८०३ सीसी, १९५६ पासून ९४८ आणि १९६२ पासून १०९८. मोटरवेवर अधूनमधून जायचे असेल तर १०९८ घ्यावी, कारण तिचे पुढचे ब्रेकही मोठे आहेत. मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सर्वो नाही. पेडल पायाने जोर लावूनच दाबावे लागते आणि पुढच्या गाडीपासून आपण एरवी ठेवतो त्याच्या दुप्पट अंतर ठेवावे.

आता मुख्य गोष्ट : गंज. इंजिन बिघडले तर दुरुस्त करता येते आणि खर्चाचा अंदाजही आधी बांधता येतो. पत्र्याचे तसे नाही. मायनरला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे खालचा पत्रा कुजला की गाडीची ताकदच जाते. वरून रंग कितीही चकचकीत असो, गाडीखाली आडवे झाल्याशिवाय सौदा करू नये. जुने कपडे आणि टॉर्च घेऊन जा. पुढून मागे जाणारे चॅसिस लेग, मधला आडवा क्रॉसमेंबर, जॅक लावायच्या जागा, दरवाजांखालच्या सिल आणि मागचे पाटे जिथे बसतात ते हँगर, या जागा एकेक करून पाहा. एक छोटे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजा. जुन्या कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता चिकटवलेला दिसला तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी परत फिरा. वेल्डिंगचे पैसे तासावर असतात, आणि आत किती कुजले आहे हे कापल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

मागे लाकडी चौकट असलेली ट्रॅव्हलर सगळ्यांना आवडते. ते ॲश लाकूड शोभेचे नाही, मागच्या भागाचा भार त्यावरच असतो. लाकूड काळे पडले असेल, बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल तर ती गाडी एमओटीतही नापास होऊ शकते, आणि सगळी चौकट बदलणे हे मोठे काम आहे. कन्व्हर्टिबल घेताना ती कारखान्यातूनच तशी निघाली आहे का हे पाहावे. नंतर छप्पर कापलेल्या बऱ्याच आहेत आणि सगळ्यांना पुरेसा आधार दिलेला असतोच असे नाही. मॉरिस मायनर ओनर्स क्लबमधले जाणकार चॅसिस नंबरवरून हे सांगतात. मुळात गाडी घेण्याआधीच क्लबचे सभासद व्हावे. वर्गणीचे पैसे पहिल्याच सल्ल्यात वसूल होतात.

पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियनबद्दल सांगायलाच हवे. चाक वळते तो भाग खाली आट्यांच्या जोडात बसतो. तिथे हजारेक मैलांना ग्रीस भरावे लागते. ते टाळले की आटे झिजतात आणि एके दिवशी, बहुधा वळताना, चाक आडवे पडते. गाडी जॅकवर घेऊन, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर जोड बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

कागदपत्रांचे नियम वाटतात त्यापेक्षा सोपे आहेत. गाडी बनून ४० वर्षे पूर्ण झाली की पुढच्या १ एप्रिलपासून 'हिस्टॉरिक' वर्गात रोड टॅक्स शून्य. पण शून्य असला तरी दरवर्षी भरल्याची नोंद करावी लागते. आधीच्या मालकाचा टॅक्स २०१४ पासून नव्या मालकाला मिळत नाही. म्हणून गाडी घरी चालवत आणण्यापूर्वी आधी इन्शुरन्स आणि मग टॅक्स, दोन्ही आपल्या नावावर हवे. व्ही५सी हे नोंदणीपत्र आहे, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून पावती वेगळी घ्या. लंडनच्या यूलेझमधून हिस्टॉरिक गाड्यांना सूट आहे, कंजेशन चार्ज मात्र भरावा लागतो.

२०१८ पासून ४० वर्षांवरील, मूळ रचनेत मोठे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीही लागत नाही. ही सूट मला फारशी आवडत नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट होऊ शकतात, मग सूट असो वा नसो. शिवाय वर्षातून एकदा कोणीतरी तटस्थ माणूस गाडीखाली डोकावतो हे आपल्याच फायद्याचे. विक्रेत्याला 'ताजी एमओटी करून द्या' असे खुशाल सांगावे. गाडीचा नंबर टाकून जुन्या एमओटींचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो.

मुलांबाबत कायदा स्पष्ट आहे. मूळचे पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत ३ वर्षांखालचे मूल नेता येत नाही, आणि त्याहून मोठी मुले फक्त मागच्या सीटवर बसू शकतात. कायद्याने चालते म्हणून पट्ट्याशिवाय नेणे माझ्या मनाला पटत नाही. मागे तीन टोकांचे पट्टे बसवून घ्या, पण त्यांचे बोल्ट भक्कम जागी, नीट प्लेट देऊन बसवणाऱ्याकडूनच. चाइल्ड सीट विकत घेण्याआधी ती त्या सीटवर आणि त्या पट्ट्यात घट्ट बसते का हे गाडीतच पाहा. आयसोफिक्स अर्थातच नाही.

पेट्रोल भरताना ई५ सुपर घ्या. २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई१० आहे, आणि त्यातले इथेनॉल जुने रबरी पाइप खाते. इंजिनचे हेड बिनशिशाच्या पेट्रोलसाठी बदलले आहे का हे विचारा, नसेल तर पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह घालावे लागते. आणखी एक, खास इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी : मूळ मायनरची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची आहे. फोनचा चार्जर किंवा रेडिओ जोडण्याआधी, दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करण्याआधी हे डोक्यात पक्के ठेवा.

इन्शुरन्स जुन्या गाड्यांच्या खास कंपनीकडून, मर्यादित मैलांचा आणि 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा घ्यावा. नाहीतर अपघातानंतर गाडीच्या किमतीवरून वाद होतो. गुंतवणूक म्हणून गाडी घेऊ नका. खाजगी गाडीच्या विक्रीवर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही हे खरे, पण फायदा होण्याआधीच तो वेल्डिंगवाल्याकडे गेलेला असतो.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले की गाडी बाहेर काढू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन मीठ धुऊन जाऊ द्या. खालून मेण मारून घ्या, बॅटरी काढून ठेवा, आणि कोरड्या दिवशी गॅरेजचे दार थोडा वेळ उघडे ठेवा. अंगावर घट्ट प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, आत दमट हवा कोंडते. एप्रिलमध्ये 'ड्राइव्ह इट डे' असतो, १९०० सालच्या हजार मैलांच्या चाचणीची आठवण म्हणून. तोपर्यंत ब्रेक, टायर आणि ग्रीसिंग उरकून घेतले की पहिली चक्कर त्या रविवारी मारता येते.