कोटणीसांच्या चित्रकथेतील चिनी सून

परक्या देशाच्या माणसाचे सोंग कोणी घ्यावे आणि ते घेताना त्याच्या तोंडी काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. पण एक समाज दुसऱ्याला कसा ओळखतो, याचा इतिहास त्यात दडलेला असतो. १९३७ साली हॉलिवूडने 'द गुड अर्थ' हा चिनी शेतकऱ्यांच्या जीवनावरील बोलपट काढला. त्यातील नायिकेच्या भूमिकेबद्दल युरोपातून आलेल्या लुइझ रायनर यांना ऑस्कर मिळाले. चिनी वंशाच्या नामांकित नटी अ‍ॅना मे वाँग मात्र बाजूलाच राहिल्या. पुढे हेरपटांची लाट आली. १९६२ च्या 'डॉक्टर नो'मधील अर्धचिनी खलपुरुष जोसेफ वाइझमन या गोऱ्या नटाने रंगवला. आपणही मागे नव्हतो. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये मदन पुरी चिनी खलनायक झाले होते. चिनी म्हटला की कपटी, हा ठसा असा देशोदेशी उमटत गेला.

या पार्श्वभूमीवर सोलापूरशी नाते असलेला एक चित्रपट वेगळा उठून दिसतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या या गावी जन्मले. जपानच्या आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. त्यात 'इन' म्हणजे हिंदुस्थान आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस चीनमध्येच वारले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीस झाले स्वतः शांताराम. चिनी पत्नी झाल्या जयश्री. येथे चिनी स्त्री खलनायिका नाही, हास्याचा विषय नाही. ती धैर्यवान सहधर्मचारिणी आहे. त्या काळी एवढा मान परक्या स्त्रीला क्वचितच कोणी दिला असेल, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मुख्य भूमिका पेलणारी चिनी नटी मुंबईत त्या वेळी कोठून आणायची होती, असे कोणी विचारील, तर तेही रास्तच आहे.

परंतु आमचा आक्षेप चेहऱ्याच्या रंगरंगोटीवर नाही. तो चित्रपटाच्या शेवटावर आहे. मृत्युशय्येवरचे कोटणीस आपली पत्नी सासरी कशी पोहोचेल याचे वर्णन करतात, आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन त्या घरी येताना दिसते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात, कारण परकी मुलगी आपली सून झालेली असते. इतिहास मात्र निराळा आहे. गुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, पण पाहुण्या म्हणून, नांदायला नव्हे. कोटणीसांबरोबरच्या आयुष्यावर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले आणि २०१२ साली दालियान शहरात त्यांचे निधन झाले.

तिरस्काराने परक्याचे रूप विकृत होते, हे सर्वांना कळते. प्रेमानेही ते झाकले जाते, हे कळायला वेळ लागतो. आपण परक्याचा गौरव करतो तो बहुधा तो आपल्यासारखा झाल्यावर. कोटणीसांनी तर याच्या उलट केले. ते चिनी भाषा शिकले, चिनी माणसांत राहिले, त्यांनी दिलेले 'के दिहुआ' हे नावही त्यांनी आपले मानले. त्यांच्या मोठेपणाचे मर्म आम्हांला येथेच दिसते.

आज कोटणीसांचे सोलापुरातील घर स्मारक म्हणून उभे आहे. तेथे मुलांना नेताना डॉक्टरांची कथा आपण सांगतोच. तिच्याबरोबर गुओ चिंगलान यांचीही सांगावी. सासरी आलेल्या सुनेची नव्हे, तर स्वतःच्या देशात, स्वतःच्या नावाने जगलेल्या एका स्त्रीची.