आफ्रिका, परीक्षेला नाही

परवा वसईच्या घरातला माळा आवरताना माझी न्यायवैद्यकशास्त्राची वही सापडली. विरार लोकलमध्ये उभ्याने पाठ केलेली. 'स्त्रियांची सुंता' या मथळ्याखाली तीन ओळी, आणि समासात माझंच अक्षर: आफ्रिका. परीक्षेला नाही.

आफ्रिका म्हणे! त्याच लोकलने चर्नी रोडला उतरलं की भेंडीबाजार चालत गाठता येतो. दाऊदी बोहरा समाजात खतना (किंवा खफ्ज) पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. साधारण सात वर्षांच्या मुलीला आई किंवा आजी काहीतरी निमित्त सांगून नेते आणि क्लिटॉरिसवरची कातडी कापली जाते. थोडी की जास्त, ते कापणारीच्या हातावर. समर्थक दहाव्या शतकातल्या काझी नुमान यांच्या ग्रंथाचा आधार देतात, आणि ही इजा नव्हेच म्हणतात. विरोधही समाजातूनच आला. रेहाना घडियालींनी १९९१ मध्ये 'मानुषी'त यावर लिहिलं, २०१५ मध्ये 'सहियो' ही संस्था उभी राहिली.

मी हे वाचलं फार उशिरा. त्याआधी दवाखान्यात एक बोहरी बाई आल्या होत्या. लहानपणी आपलं काय कापलं, एवढंच त्यांना हवं होतं. मी तपासलं. "सब नॉर्मल है, बेन." त्या म्हणाल्या, "लेकिन मुझे याद है, डॉक्टर."

खोटं कोणीच बोलत नव्हतं. छोटा छेद इतका बेमालूम भरतो की वर्षांनी व्रण दिसेलच असं नाही. लहान मुलीत तर तो भाग मुळातच झाकलेला असतो. सिडनीच्या खटल्यात दोन बोहरा बहिणींच्या पहिल्या तपासणीत क्लिटॉरिसचं टोक दिसलं नाही. २०१५ मध्ये आई, निवृत्त सुईण आणि धर्मगुरू दोषी ठरले. नंतरच्या तपासणीत टोक दिसलं! २०१८ मध्ये अपिलात निकाल फिरला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने ठरवलं की थोडासा छेदही कायद्यात बसतो, किती कापलं हा प्रश्न नाही.

आपल्याकडे मात्र तोच प्रश्न येतो. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३२० म्हणजे 'जबर दुखापत'. आठ प्रकार, त्यात पहिलाच पुरुषत्व नष्ट करणे. बाईसाठी तसं काही नाही. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या कलम ११६ मध्येही यादीची सुरुवात तीच. मग 'अवयव गमावणे' या प्रकारात बसवायचं, तर किती गमावलं हे डॉक्टरने सांगायचं. आणि डॉक्टर लिहिणार 'नॉर्मल'. २०१७ मध्ये सुनीता तिवारींची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा सरकारने सांगितलं की अधिकृत आकडेवारीच नाही. कुठून असणार? २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं.

असो. वही मी रद्दीत टाकली नाही. समासातलं ते वाक्य खोडून खाली लिहिलं: वय विचार, कोणी नेलं विचार, काय आठवतं ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरव. आणि 'व्रण दिसत नाही' असं लिही, 'नॉर्मल' लिहू नकोस.

त्या बाई परत आल्या नाहीत.