जिभेखालची गोळी

२३. जिभेखालची गोळी : ब्युप्रेनॉर्फिन. बेंगळुरूच्या निम्हान्समधील व्यसनोपचार केंद्रात हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर ती वापरतात. जांभया, नाक गळणे, अंगावर काटा ही लक्षणे सुरू झाल्यावरच पहिली मात्रा द्यायची. घाई केली तर त्रास एकदम उसळतो. विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटे गोळी जिभेखालीच धरायची. गिळली तर फारशी लागू पडत नाही.

लेखकाच्या थोरल्या बंधूंनी पत्रात हिला ‘दुसरे व्यसन’ म्हटले आहे. हा समज घरोघरी आहे आणि तो जीव घेतो. घरच्यांच्या आग्रहाखातर गोळी सोडलेला माणूस पुन्हा नशेकडे वळला, तर शरीराची जुनी सवय मोडलेली असते. पूर्वी सहज पचणारी मात्राच श्वास थांबवते. अशा वेळी नॅलोक्सोनचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते. मात्र त्याचा प्रभाव बहुधा तास-दीड तासात ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात ठेवावेच लागते. अमेरिकेत २०२३पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडेही तो रुग्णाच्या घरात असायला हवा.

पोलिसांच्या धास्तीने उपचार टाळणाऱ्यांसाठी : अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ६४अ, सेवन वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६. — संपा.