लिनक्सची स्थापना व लॅपटॉपच्या फर्मवेअरमधील बिघाड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लॅपटॉपवर लिनक्स स्थापित करण्याचा प्रयत्न फसला, तर पूर्वी फार तर हार्ड डिस्कवरील माहिती गमवावी लागे; सीडीवरून पुन्हा स्थापना करता येई. पुढे मात्र फर्मवेअरच्या सेटिंगवरचाच ताबा सुटल्याची उदाहरणे घडली. अशा दोन घटनांच्या आधारे या बिघाडाची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बायॉस रॉम चिपमध्ये असे. ऑपरेटिंग सिस्टिमला त्यात बदल करता येत नसे. इंटेलच्या ईएफआयमधून यूईएफआय हे मानक आकारास आले व २००५ मध्ये त्यासाठी उद्योगांचा मंच स्थापन झाला. या रचनेत संगणक सुरू करण्यासंबंधीच्या नोंदी मदरबोर्डवरील चिपमध्ये राहतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमला तेथे लिहिता येते. सोय वाढली, तशी जोखीमही वाढली.

सॅमसंग प्रकरण (२०१३) :
२०१३ च्या आरंभी सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू करताच कायमचे निकामी झाले. प्रथम दोष लिनक्समधील एका ड्रायव्हरला देण्यात आला. परंतु विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजमधूनही नोंदींची जागा भरून तसाच बिघाड घडवून दाखविला. दोष मुळात फर्मवेअरचा होता; तथापि ही जागा अतिरिक्त भरू नये, अशी दक्षता लिनक्सलाच घ्यावी लागली.

उबुंटू १७.१० प्रकरण (२०१७) :
ऑक्टोबर २०१७ मधील या आवृत्तीने लेनोव्हो व अन्य काही कंपन्यांच्या लॅपटॉपमधील फर्मवेअरची चिप लेखनास बंद केली. सेटिंग साठवले जाईना. अनेक ठिकाणी यूएसबीवरून संगणक सुरूही होईना. येथे कारण लिनक्समधील इंटेल एसपीआय ड्रायव्हर हे होते. डिसेंबरमध्ये ही आवृत्ती मागे घेण्यात आली व जानेवारी २०१८ मध्ये सुधारित आवृत्ती आली. दुरुस्त कर्नल त्याच लॅपटॉपवर सुरू केल्यास चिप पुन्हा खुली होत असे. साहजिकच, घाईने लिनक्स पुसून टाकणाऱ्यांची वाट अधिक बिकट झाली.

निष्कर्ष :
पहिल्या घटनेत दोष फर्मवेअरचा, तर दुसऱ्या घटनेत ड्रायव्हरचा होता. वरवरची लक्षणे पाहून ते कळणे शक्य नव्हते. म्हणून सेटिंग उघडत नाही की साठवले जात नाही, हे प्रथम तपासावे. डिस्क पुसण्याची घाई करू नये. दोन्ही घटनांत वापरकर्त्याने केवळ उपलब्ध सोय वापरली होती. अपयशाचे खापर त्याच्यावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही.